झेनिथचा बिनबॅटरीचा रिमोट: घेताना काय बघायचं आणि घरी आणल्यावर काय करायचं

शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींना इस्टेट सेलचा, म्हणजे घरातलं सगळं सामान विकायला काढतात त्याचा, नाद एकदा लागला की सुटत नाही. आणि तिथे जुन्या घराच्या बेसमेंटमध्ये झेनिथचा लाकडी कॅबिनेटवाला टीव्ही, नाहीतर नुसता त्याचा रिमोट, कधी ना कधी दिसतोच, कंपनीच शिकागोची ना. रिमोट म्हणजे हातात मावेल असा जाडजूड डबा, त्यावर दणकट बटणं आणि स्पेस कमांड असं नाव. विकणारा तो उलटासुलटा करून बघतो, बॅटरीचं झाकण काही सापडत नाही, मग म्हणतो बिघडलेला दिसतोय, कमी करून देतो. तुम्ही गप्प बसा आणि घ्या. त्याला बॅटरी लागतच नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे ज्यांना सगळं वाचायचं नाहीये ते मोकळे. रिमोट बिनधास्त घ्या, टीव्ही घेताना दहा वेळा विचार करा, आणि रिमोटच्या आतल्या दांड्यांना काही झालं तरी कानस किंवा पॉलिश पेपर लावू नका. आता का ते सांगतो.

आधी थोडं मागचं, कामापुरतं

झेनिथचे प्रमुख युजीन मॅकडोनाल्ड यांना टीव्हीवरच्या जाहिरातींचा भयंकर तिटकारा, आणि खुर्चीतून न उठता त्या बंद करता याव्यात असं त्यांच्या डोक्यात होतं. १९५० मध्ये लेझी बोन्स आला, तो वायरवाला होता, टीव्हीपासून सोफ्यापर्यंत केबल आणि टीव्हीत ट्यूनर, म्हणजे चॅनल निवडणारा भाग, फिरवायला मोटर. लोक त्या केबलला अडखळून पडायचे. मग १९५५ मध्ये युजीन पॉली यांनी फ्लॅशमॅटिक काढला, दिसायला खेळण्यातल्या पिस्तुलासारखा, पण खरं तर टॉर्चच. स्क्रीनच्या चार कोपऱ्यांत चार फोटोसेल, ज्या कोपऱ्यावर उजेड मारला ते काम व्हायचं. अडचण अशी की खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपलाआपणच चॅनल बदलायचा.

१९५६ मध्ये स्पेस कमांड आला, तो व्हिएन्नाहून आलेल्या रॉबर्ट अ‍ॅडलर यांचा. विक्रीवाल्यांचा हट्ट होता की बॅटरी नको म्हणजे नको, कारण बॅटरी संपली की गिऱ्हाईक म्हणणार टीव्हीच गेला. रेडिओ लहरी वापरल्या तर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याचाही चॅनल बदलणार. म्हणून अ‍ॅडलरनी आवाज वापरला, पण माणसाच्या कानाला ऐकू न येणारा. टीव्हीत तो पकडायला सहा जास्तीचे व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, घालावे लागले आणि सेटची किंमत साधारण ३० टक्क्यांनी वाढली, तरी लोकांनी घेतले, आणि अल्ट्रासॉनिक रिमोट पुढे जवळपास २५ वर्षं चालले, इन्फ्रारेड येईपर्यंत. मुंबईत दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, म्हणजे आपल्याकडे पहिला चॅनल यायच्या सोळा वर्षं आधी इकडे लोक बसल्या जागेवरून चॅनल बदलत होते. आपल्याला बदलायला दुसरा चॅनलच नव्हता ती गोष्ट वेगळी.

आत आहे तरी काय

चार बटणांच्या मॉडेलमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या चार दांड्या, प्रत्येक साधारण अडीच इंचाची, पण लांबी एकमेकींपेक्षा किंचित वेगळी. बटण दाबलं की स्प्रिंगवरचा छोटा हातोडा सुटतो आणि दांडीच्या टोकावर आपटतो. दांडी वाजते. एक दांडी चॅनल पुढे, एक चॅनल मागे, एक आवाज बंद-चालू आणि एक टीव्ही बंद-चालू. बस. ट्रान्झिस्टर नाही, सर्किट नाही, काही नाही.

गणित सोपंय आणि करून बघण्यासारखं आहे. अ‍ॅल्युमिनियमच्या दांडीत आवाज सेकंदाला साधारण ५१०० मीटर वेगाने जातो. दांडी मध्ये धरलेली आणि दोन्ही टोकं मोकळी असली की तिची फ्रीक्वेन्सी म्हणजे हा वेग भागिले लांबीची दुप्पट. अडीच इंच म्हणजे ६३.५ मिलिमीटर, दुप्पट १२७, भागाकार केला की सुमारे ४०,००० हर्ट्झ. माणसाला जेमतेम २०,००० पर्यंत ऐकू येतं, तेही तरुणपणी.

आता हेच गणित उलट करा. दांडी एक मिलिमीटरने कमी झाली तर फ्रीक्वेन्सी सहाशेपेक्षा जास्त हर्ट्झने वर जाते. आणि दोन बटणांमधला फरकच मुळात हजार-दीड हजार हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे टोक काळं पडलंय म्हणून कोणी हौसेने घासून चकचकीत केलं, पुन्हा घासलं, की ती दांडी तिच्या जागेवरून सरकली, आणि टीव्ही तिला ओळखणार नाही किंवा भलतंच काहीतरी करेल. काळी पडलेली दांडी काळीच बरी. फोटोत चमकत नाही एवढंच.

विकत घेताना

पहिली गोष्ट, जो टक् असा आवाज तुम्हाला ऐकू येतो तो हातोड्याचा आणि स्प्रिंगचा, कामाचा आवाज तो नव्हेच. त्यामुळे टक् झालं म्हणजे रिमोट चालू असं नाही, पण टक् झालंच नाही तर मात्र आत काहीतरी अडकलंय हे नक्की. सगळी बटणं एकामागून एक दाबा, पूर्ण खालपर्यंत, हळू नको, आणि चारही टक् एकमेकांशी ताडून बघा. तीन खणखणीत आणि एक मेलेला असेल तर तो बहुतेक जुन्या घट्ट झालेल्या ग्रीसमुळे, हे सुधारतं. बटण खाली जाऊन वर येतच नसेल तर स्प्रिंग निसटलीये किंवा तुटलीये, हे जरा कटकटीचं.

रिमोट कानाजवळ धरून हलकेच हलवा. आत सुटं काही खुळखुळत असेल तर भाव करा.

पुढची जाळी बघा, आवाज तिथूनच बाहेर येतो. तिच्यावर कोणी स्टिकर लावलाय, रंग मारलाय, किंवा जाळीत धूळ बसून लोकर झालीये असं दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका, ते साफ होतं. तडा गेलेलं प्लास्टिक मात्र होत नाही, आणि चिकटवलेलं लगेच दिसतं.

फ्लॅशमॅटिक मिळाला तर प्रकरण वेगळं, त्यात सेल असतात आणि ते आत फुटून वाळलेले असण्याचीच शक्यता जास्त. जुने झिंक-कार्बन सेल असतील तर ती घाण आम्लाकडे झुकणारी, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बोळा भिजवून पुसा, आणि नंतर कोणीतरी अल्कलाइन टाकलेले असतील तर उलट, तिथे थोडं व्हिनेगर चालतं. पण फ्लॅशमॅटिकचा रिमोट त्याच्या टीव्हीशिवाय म्हणजे हिरवी टॉर्च. घ्यायची तर शोकेससाठी घ्या.

टीव्ही नसताना रिमोट तपासायचा कसा

हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो कारण नव्वद टक्के वेळा नुसता रिमोटच हाती येतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून काही कळणार नाही, फोन साधारण सेकंदाला ४८,००० नमुने घेतो आणि त्यात २४,००० हर्ट्झच्या वरचं काहीच येत नाही, आपल्याला हवंय ४०,००० च्या आसपासचं. मग काय करायचं?

सगळ्यात मजेशीर आणि सोपा मार्ग म्हणजे बॅट डिटेक्टर. वटवाघळांचे आवाज ऐकायला पक्षीनिरीक्षणवाले लोक वापरतात तो, त्यातला डायल फिरवायचा साधा प्रकार घ्या. आधी डिटेक्टर चालतोय का ते बघायला त्याच्यासमोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवा, किल्ल्यांच्या आवाजात अल्ट्रासॉनिक भरपूर असतं, डिटेक्टर जोरात खरखरेल. मग डायल ४० वर ठेवा, रिमोट हातभर अंतरावर धरून बटण दाबा. टक् च्या मागोमाग एक स्वच्छ शिट्टीसारखा सूर येऊन विरत जाईल. आता डायल अगदी हळू सरकवत तेच बटण पुन्हापुन्हा दाबत रहा, शिट्टीचा सूर खाली खाली उतरत जाईल आणि एका जागी जवळजवळ नाहीसाच होईल, तो आकडा म्हणजे त्या दांडीची फ्रीक्वेन्सी. पुढे नेलं की सूर परत वर चढायला लागतो. चारही बटणांचे आकडे कागदावर लिहून ठेवा. चारही वेगवेगळे आणि साधारण ३७ ते ४२ किलोहर्ट्झच्या दरम्यान आले, आणि चारही सूर टणकन वाजून विरले, तर रिमोट एकदम फर्स्टक्लास आहे.

घरात ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, असेल तर आणखी स्वस्त उपाय. मुलांच्या रोबोट किटमध्ये अंतर मोजायचा दोन डोळ्यांचा सेन्सर येतो ना, त्यातला ऐकणारा डोळा ४० किलोहर्ट्झचाच असतो, तो काढून त्याच्या दोन पायांना स्कोपचा प्रोब लावा. फक्त एक लक्षात ठेवा, तो डोळा ४० च्या जवळ फार तिखट आणि दूर गेलं की बहिरा, त्यामुळे चारही बटणांची लहर सारखी उंच दिसली नाही म्हणून रिमोट खोलायला बसू नका.

घरात कुत्रा असेल तर तपासणी करताना त्याला दुसऱ्या खोलीत ठेवा बरं का, त्याला हे सगळं ऐकू येतं.

उघडायचा असेल तर

सूर नीट येत असेल तर उघडू नका. मी हे पुन्हा सांगतोय कारण हात शिवशिवतात हे माहितीये.

उघडावाच लागला तर आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आणि रिमोट एका मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उघडा, कारण आतल्या स्प्रिंगा ताणलेल्या असतात आणि एक जरी उडाली तरी कार्पेटमध्ये शोधत बसाल. पिशवीत उडाली तर पिशवीतच राहते. स्क्रूचा माथा खराब करू नका, स्क्रूच्या खाचेत नीट बसेल असाच ड्रायव्हर घ्या, बारीक ड्रायव्हरने वाकडंतिकडं फिरवलं की खाच गेलीच म्हणून समजा.

आत दिसल्यावर दांड्यांना बोट लावू नका, निदान घामट बोट तरी नाही. हातोड्याच्या तोंडावर किंवा दांडीच्या टोकावर जुनं तेल, धूळ, चिकट काही असेल तर इअरबडला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच पुसा, फक्त धातूवर, प्लास्टिकवर नको. अ‍ॅसिटोन तर त्या टेबलावरही आणू नका. जाळी मऊ ब्रशने आतून बाहेरच्या दिशेने झाडा. बटणाच्या खिळीवर घट्ट झालेलं ग्रीस काढून शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सुईच्या टोकावर घेऊन तिथेच सोडा, फवारायचं तेल अजिबात नको, ते सगळीकडे पसरतं आणि हातोडा आणि दांडीच्या मध्ये गेलं की वार मऊ पडतो.

मग एक एक दांडी बघा, तिला मधोमध धरलेलं असतं, कारण वाजताना दांडीचा मधला भाग जवळपास स्थिर असतो आणि हालचाल सगळी टोकांना. धरणारा भाग जागेवरून सरकून टोकाकडे गेला असेल, किंवा दांडी बाजूच्या कशाला टेकत असेल, तर देवघरातली घंटा मुठीत धरून वाजवल्यावर होतं तसं होतं, नुसतं ठक्. टेकणारं काय आहे ते शोधून मोकळं करा. नव्वद टक्के दुरुस्ती म्हणजे एवढीच. नवीन रबर, फोम, चिकटपट्टी असलं काही दांडीला लावायच्या भानगडीत पडू नका.

दांडी हरवलीच असेल तर नवी कापून घेता येते खरी, वर दिलेलं गणित वापरून, आधी जरा लांब कापायची आणि बॅट डिटेक्टरवर ऐकत थोडी थोडी कमी करत आणायची, लांब दांडी छोटी करता येते पण छोटी लांब करता येत नाही. कानस वापरायची परवानगी फक्त इथे.

टीव्हीही सोबत आला असेल तर

इथे गंमत संपते. व्हॉल्व्हचा टीव्ही जीव घेऊ शकतो, उगाच घाबरवत नाहीये. पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा साठा प्लग काढल्यावरही राहू शकतो, पॉवरच्या कंडेन्सरमध्ये काही शे व्होल्ट असतात, आणि त्या काळातल्या काही सेटमध्ये तर चेसिसच, म्हणजे आतला धातूचा सांगाडाच, थेट मेन्सला जोडलेली. हे वाचून काय करायचं ते कळत नसेल तर मागचं झाकण उघडूच नका, जुने टीव्ही दुरुस्त करणारा माणूस गाठा. रिमोटला हे काही लागू नाही, म्हणून म्हटलं रिमोट बिनधास्त घ्या.

ज्यांना व्हॉल्व्ह रेडिओची सवय आहे त्यांच्यासाठी सांगतो. पन्नास-साठ वर्षं पडून असलेला सेट विकणाऱ्याने बघा चालतो की म्हणून थेट सॉकेटमध्ये घालू देऊ नका, तिथेच धूर निघतो. आधी त्या मॉडेलचं सॅम्स फोटोफॅक्टचं फोल्डर मिळवा, इंडियानापोलिसची ही कंपनी १९४६ पासून प्रत्येक सेटची सर्किटं छापायची, त्यात कुठल्या पिनवर किती व्होल्ट पाहिजे ते सगळं असतं. सेटचे इलेक्ट्रोलिटिक आणि कागदी कंडेन्सर आधीच बदला, चांगले दिसत असले तरी बदला, दिसण्यावर काही नसतं. मायका आणि सिरॅमिकला सहसा हात लावायची गरज पडत नाही. त्यानंतर सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून सिरीज लॅम्पवर, म्हणजे सेटच्या वाटेत एक बल्ब जोडून, पहिल्यांदा चालू करा, बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जा, भगभगीत पेटलेलाच राहिला तर लगेच बंद, आत शॉर्ट आहे. व्होल्टेज हळूहळू वाढवायचा डिमरस्टॅट असेल तर उत्तमच, पण नुसत्या डिमरस्टॅटने शॉक थांबत नाही हे विसरू नका, तो आयसोलेशन नाही. एक हात खिशात ठेवायची जुनी सवय इथे कामाची. पुण्याच्या जुन्या बाजारातून व्हॉल्व्हचा रेडिओ उचललात तरी कंडेन्सर आणि सिरीज लॅम्पचं हे सगळं तसंच्या तसं लागू पडतं.

आणखी एक, रिमोटवाला सेट बंद दिसला तरी त्यातला रिमोट ऐकणारा भाग जागाच असतो, नाहीतर रिमोटने चालू कसा होईल? त्यामुळे मागे हात घालायच्या आधी प्लग काढलेलाच हवा, स्क्रीन काळी आहे यावर जाऊ नका.

ट्यूनरची मोटर फिरायच्या आधी प्लग काढून चॅनलचा खटका हाताने फिरवून बघा, जड जात असेल तर मोटर बिचारी काय करणार. संपर्कांवर काँटॅक्ट क्लीनर, गिअरवरचं वाळलेलं ग्रीस काढून नवीन, मग मोटर.

सेट चालू झाला, चित्र आलं, पण रिमोट काम करत नाही, मग दोष कुणाचा? त्याला पैसे लागत नाहीत, किल्ल्यांचा जुडगा घ्या आणि टीव्हीच्या समोर जोरात खुळखुळवा. त्या काळी घरोघरी हीच तक्रार होती, नाणी पडली, किल्ल्या वाजल्या की चॅनल बदलायचा. किल्ल्यांनी चॅनल हलला आणि रिमोटने नाही, तर रिमोट बघा. दोन्हींनी काही झालं नाही तर टीव्हीतला मायक्रोफोन, त्यापुढचा अ‍ॅम्प्लिफायर आणि रिले बघायचे, रिमोटच्या वाटेला जाऊ नका. एकच बटण चालत नसेल तर आधी लिहून ठेवलेले आकडे काढा, त्या दांडीचा आकडा बाकीच्यांसारखाच नीट ओळीत असेल तर टीव्हीतल्या त्या एका फ्रीक्वेन्सीचं ट्यूनिंग सरकलंय, फोटोफॅक्टमध्ये ते कुठे फिरवायचं दिलेलं असतं.

बघायचं काय

अमेरिकेत मोठ्या स्टेशनांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण १२ जून २००९ ला बंद झालं, त्यामुळे चॅनल बदलला तरी सगळीकडे मुंग्याच. डिजिटल कन्व्हर्टर बॉक्स घ्या, ज्याला ३ किंवा ४ नंबरच्या चॅनलवर आरएफ आउटपुट असतो, आणि सेटच्या मागे अँटेना लावायला दोन स्क्रूंचा ३०० ओहमचा जोड असतो, त्याला जोडायला ७५ ते ३०० ओहमचा छोटा ट्रान्सफॉर्मर लागतो, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. स्ट्रीमिंगची काडी लावायची असेल तर एचडीएमआयचं साधं व्हिडिओ करणारा डबा, त्यापुढे आरएफ मॉड्युलेटर, मग तोच ट्रान्सफॉर्मर. चॅनल ३ वर पिक्चर, बाकी सगळीकडे मुंग्या, पण रिमोटने मोटर फिरताना बघायला पाहुणे पिक्चरपेक्षा जास्त वेळ उभे राहतात.

सेट भारतात न्यायचा विचार कुणी करत असेल तर सोडून द्या. तो १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवरचा, एनटीएससी या अमेरिकन चित्रपद्धतीचा, आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, आणि अ‍ॅनालॉग प्रक्षेपण होतं तेही पाल या वेगळ्या पद्धतीचं. वजन वेगळंच, आणि पिक्चर ट्यूब प्रवासात फुटली तर काचा उडतात. रिमोट मात्र खुशाल न्या, बॅगेत कपड्यांच्या घडीत गुंडाळून, फक्त बटणांवर दाब येणार नाही असं ठेवा, आणि सोबत एका चिठ्ठीवर चारही दांड्यांच्या फ्रीक्वेन्सी आणि मॉडेल नंबर लिहून डब्यात टाका, पुढे कुणाच्या हातात गेला तर त्याला बॅटरीचं झाकण शोधत बसायला नको.